गिलावा परत द्या

ऐन श्रावणात जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेच्या बाजूच्या भिंतीपाशी उभा होतो. सर नुकतीच ओसरली होती. भिंतीच्या पायथ्याशी पाणी वाहत होतं आणि ते तांबूस होतं. कोकणात वाढलेल्या माणसाला तांबडं पाणी नवं नाही. पण ते रस्त्यावरचं, शेतातलं, मातीचं. हे भिंतीचं होतं. हाताच्या उंचीवरच्या एका चिऱ्यावरून बोट फिरवलं, तर बोटाला लाल भुकटी लागली. ओल्या चिऱ्याच्या पोटातली भोकं जवळून पाहिली. काहींत अजून पिवळसर माती अडकलेली, काही धुऊन रिकामी झालेली.

शेजारी एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यांतली आई मुलाला म्हणाली, "बघ, रंग न देता ठेवलंय, म्हणून कसं खरं जुनं वाटतं."

तिच्या वाक्यातलं प्रेम खरं होतं. माहिती मात्र चुकीची होती, आणि ती चूक तिची नव्हे. या चर्चची पायाभरणी 24 नोव्हेंबर 1594 रोजी झाली आणि 1605 साली ते पवित्र करण्यात आलं. त्यानंतर जवळपास साडेतीनशे वर्षं या जांभ्याच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याखाली होत्या. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत, तो गिलावा खरवडून काढण्यात आला. आज आपण ज्याला प्राचीन म्हणतो ते लाल, उघडं रूप सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं आहे. माझ्या आईच्या वयाचं.

2020 च्या पावसाळ्याच्या तोंडावर चर्चच्या धर्मगुरूंनीच भिंतींच्या झिजेची काळजी जाहीरपणे मांडली आणि गिलावा परत द्यायचा की नाही, हा प्रश्न चव्हाट्यावर आला. माझं उत्तर स्पष्ट आहे: द्यायला हवा, आणि चुन्याचाच द्यायला हवा. पावसाचं कारण त्याला पुरेसं आहे. पण मला त्यामागचं दुसरं कारण अधिक महत्त्वाचं वाटतं. उघडा दगड म्हणजे सच्चेपणा आणि गिलावा म्हणजे वरवरचं झाकण, ही समजूत आपल्याकडे कुठून आली? ती या चर्चच्या बांधणाऱ्यांची नव्हती. ती युरोपात त्यांच्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी जन्मलेली एक आवड आहे, आणि त्या आवडीने आपल्या आधीच्या काळाच्या अंगावरची कातडी सोलली आहे.

आधी जांभ्याबद्दल. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो; वारा लागला की कडक होतो. म्हणून कोकणात, गोव्यात तो सोन्यासारखा. पण तो सच्छिद्र असतो. त्याच्या पोटात मातीच्या शिरा असतात, आणि आडवा पाऊस त्या शिरा धुऊन नेतो. जुन्या गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. आमच्या गावी चिरेबंदी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला मृगाआधी माडाची झापं बांधली जायची, आणि दिवाळीआधी चुन्याचा हात फिरायचा. गवंडी सांगायचा, "भिंतीने झिजू नये म्हणून चुन्याने झिजायचं." चुना दरवर्षी थोडा जायचा, दरवर्षी थोडा परत यायचा, चिरा जागेवर. शिंपल्यांच्या चुन्याने भिंती सारवणारी गोव्याची मंडळी हे पिढ्यान् पिढ्या जाणून होती. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल आजही पांढरं उभं आहे, शेजारचं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्चही. त्या पांढऱ्या शेजाऱ्यांमध्ये बॉम जीझसच्या अंगावर वस्त्र नाही.

आता युरोपाकडे वळू, कारण या भिंतीचं भवितव्य तिथल्या आवडीनिवडींत ठरलं.

1563 साली ट्रेंटची धर्मसभा संपली. प्रॉटेस्टंट पंथाने चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं हटवायला सुरुवात केली होती. कॅथलिकांनी त्याच्या उलट ठरवलं की चित्रं, मूर्ती हवीतच, त्यांनीच सामान्य माणसाला श्रद्धा शिकवावी. रोममधलं जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं मुख्य चर्च, जेझू, 1568 ते 1584 मध्ये विन्योला आणि जाकोमो देल्ला पोर्ता यांच्या आराखड्यांवर उभं राहिलं. ते पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी गोव्यात बॉम जीझसचा पाया घातला गेला. दोन्ही एकाच संघाची, दोन्ही एकाच नावाला वाहिलेली. काटेकोर बोलायचं तर बॉम जीझसचा दर्शनी भाग बरोक या सतराव्या शतकातल्या नाट्यमय शैलीच्या आधीच्या, उत्तर-रेनेसान्स वळणाचा आहे. बरोक आहे ते आतलं. सोन्याने मढवलेली लाकडी वेदी, तिच्यावर आयएचएस या येशूच्या नावाच्या अक्षरांभोवती फाकलेले सूर्यकिरण, आणि सेंट फ्रान्सिस झेवियरचं स्मारक. ते फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने घडवलं, टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी पाठवलं आणि 1698 मध्ये इथे उभारलं गेलं. त्यावरची, झेवियरचं शव असलेली चांदीची पेटी मात्र गोव्याच्या सोनारांची, 1637 ची.

बरोक शैली समजून घ्यायची तर गिलाव्यापासूनच सुरुवात करावी लागते, असं मला वाटतं. पुस्तकांत तिची ओळख वक्राकार भिंती, पिळदार खांब, नाट्यमय प्रकाश अशी दिली जाते. ते खरंच आहे. पण हे सगळं ज्यावर उभं आहे तो पदार्थ म्हणजे चुना, जिप्सम, संगमरवराची भुकटी. जेझूचं छत जवळपास शंभर वर्षं साधंच होतं. 1670 च्या दशकात बाच्चिच्चो या चित्रकाराने त्यावर येशूच्या नामाचा जयजयकार रंगवला. त्यातले देवदूत आणि पतित जीव चौकट ओलांडून बाहेर येतात. चौकटीबाहेर काही आकृत्या गिलाव्याच्या उभार थरावर रंगवल्या आहेत, आणि शेजारच्या सोनेरी नक्षीवर काळपट रंगाचा पातळ हात देऊन त्यांची सावली पाडली आहे. खाली उभ्या माणसाला कळत नाही, चित्र कुठे संपलं, मूर्ती कुठे सुरू झाली, छप्पर कुठे आहे. अंतोनियो राज्जीच्या गिलाव्याच्या मूर्ती त्या खेळात सामील आहेत. यातला गिलावा काढा आणि खालच्या विटा दाखवा. 'खरं' काय हाती लागेल? विटा.

जवळच सांतइन्यात्सियो चर्च आहे. घुमट बांधायला पैसे पुरले नाहीत असं सांगतात. तेव्हा आंद्रेआ पोत्सो या जेझुइट बंधूने 1685 साली सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवला आणि तो वर बसवला. मग छतही रंगवलं, 1694 पर्यंत. फरशीत एक गोल संगमरवरी चकती बसवली आहे. तिच्यावर उभं राहून वर पाहिलं की भिंती आकाशात चढत जातात, खांबांवर खांब, आणि सगळं एका प्रकाशात विलीन होतं. चकतीवरून दोन पावलं बाजूला झालात की खांब कलतात. पोत्सोने ही गोष्ट लपवली नाही. कुठे उभं राहायचं ते त्याने फरशीवर दाखवून ठेवलं. ही फसवणूक म्हणायची का? पाहणाऱ्याला विश्वासात घेऊन केलेला हा खेळ आहे, आणि माझ्या मते त्यात प्रामाणिकपणा काठोकाठ आहे.

बव्हेरियात कुरणाच्या मधोमध वीसचं चर्च आहे, डोमिनिकुस झिमरमानने 1745 ते 1754 मध्ये बांधलेलं. तोवर बरोक हलकं होऊन रोकोको झालं होतं. बाहेरून ते साधं दिसतं. आत शिरलं की पांढऱ्या, सोनेरी, गुलाबी, निळ्या रंगांचा पूर. त्याची कमान दगडाची नाहीच: लाकडी सांगाड्यावर पट्ट्या ठोकून गिलावा चढवला आहे. त्या काळचे कारागीर जिप्सम, सरस आणि रंग मळून, घोटून घोटून असा 'संगमरवर' तयार करत की हात लावल्याशिवाय कळू नये. हात लावला की खऱ्यापेक्षा ऊबदार लागतो. त्यामागचे कष्ट खाणीतल्या दगडापेक्षा कमी नव्हते. दगड न परवडणाऱ्यांची ही पळवाट होती असं मानणं म्हणजे त्या कारागिरांच्या हातावर अन्याय आहे.

आपल्या भाषेतही हा अन्याय रुजला आहे. 'चुना लावणं' म्हणजे फसवणं. 'मुलामा', 'रंगरंगोटी', 'लिंपापोती' हे सगळे शब्द संशयाने बोलायचे. त्याच भाषेत मराठेशाहीतल्या देवळांच्या चुनेगच्ची शिखरांचं कौतुकही आहे, कोनाड्या-कोनाड्यांत बसलेल्या चुन्याच्या मूर्तींसकट. ती शिखरं खरवडून आतल्या विटा दाखवाव्यात असं कुणी म्हणणार नाही. म्हणजे प्रश्न गिलाव्याचा नसतोच, तो आपण कोणत्या इमारतीकडून काय अपेक्षा करतो याचा असतो.

युरोपात ही अपेक्षा अठराव्या शतकात बदलली. 'बरोक' हा शब्द पोर्तुगीजमधल्या वेड्यावाकड्या मोत्याच्या नावावरून आला असं मानतात. आधी तो टीकेचाच शब्द होता. जर्मन अभ्यासक योहान योआखिम विंकेलमान याने 1755 साली ग्रीक कलेबद्दल 'उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता' असं सूत्र मांडलं, आणि 1764 च्या त्याच्या कला-इतिहासाने ते युरोपभर पोचवलं. पोम्पेईचं उत्खनन 1748 मध्ये सुरू झालं होतं, प्राचीन जग मातीतून वर येत होतं. या वातावरणात बरोक-रोकोकोचे देवदूत, सोनं, ढग हे सगळं बाष्कळ वाटायला लागलं. पॅरिसमध्ये सुफ्लोने पांतेऑन बांधायला घेतलं, दाविदने 1784 मध्ये होराटींची शपथ रंगवली: कडक रेषा, रिकामी पार्श्वभूमी, ताठ हात. मला ते चित्र मनापासून आवडतं. पण विंकेलमान ग्रीसला कधीच गेला नाही. त्याने पाहिलेले पुतळे बहुतेक रोमन प्रती होत्या, आणि शतकांनी त्यांचा रंग उडवलेला होता. मूळ ग्रीक पुतळे रंगवलेले असत. केस, ओठ, वस्त्रांचे काठ, सगळं. झिजलेल्या अवस्थेलाच मूळ मानून एका संपूर्ण युगाची अभिरुची उभी राहिली.

त्याचा शेवट कसा झाला ते पाहा. 1937-38 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनच्या शिल्पांसाठी नवं दालन तयार होत होतं. त्यासाठी पैसे देणाऱ्या लॉर्ड ड्युव्हीनला शिल्पं पांढरी हवी होती. तेव्हा तांब्याची हत्यारं आणि कार्बोरंडम हा घासायचा कठीण पदार्थ वापरून अनेक शिल्पांचा पृष्ठभाग घासला गेला. संगमरवरावरचा मधासारखा थर, त्यातल्या सूक्ष्म खुणांसह, गेला. 1938 च्या सप्टेंबरात हे लक्षात आल्यावर काम थांबलं. गेलेला थर परत आला नाही. अडीच हजार वर्षं टिकलेली वस्तू तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच घासली, कारण ती त्यांच्या मनातल्या प्राचीनतेसारखी दिसत नव्हती.

बॉम जीझसच्या भिंतीला याहून जवळची मात्र दुसरी लाट, रोमँटिक म्हणजे स्वच्छंदतावादी लाट. तिने पांढऱ्या पूर्णतेऐवजी भग्नतेवर जीव लावला. 1778 साली व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याच्या बागेत एक रोमन अवशेष उभारला गेला. नवाकोरा अवशेष: तडे, कोसळलेली कमान, अर्धे बुडालेले दगड, सगळं आराखड्याबरहुकूम. 1796 मध्ये पॅरिसच्या ऊबेर रोबेर या चित्रकाराने लूव्हरच्या भव्य दालनाचं चित्र काढलं ते छप्पर कोसळलेलं, गवत उगवलेलं. तो स्वतः त्या दालनाच्या सुधारणेच्या कामात होता! जर्मनीत कास्पार डेव्हिड फ्रीडरिशने 1809-10 मध्ये एल्डेनाच्या मठाची एकच उरलेली भिंत निष्पर्ण ओक वृक्षांमध्ये उभी केली. बर्फ, धुकं, खालून जाणारी शवपेटी घेतलेली संन्याशांची रांग. त्या चित्रासमोर मन गप्प होतं. प्रत्यक्षात एल्डेनाचे दगड आसपासच्या बांधकामांसाठी लोकांनी वाहून नेले होते. चित्रात जो काळाचा विध्वंस दिसतो, त्याला माणसांच्या गाड्यांनीही हात लावला होता.

रोमँटिकांना मी दोषी ठरवत नाही. त्यांचं ऋण मोठं आहे. ज्या गॉथिक इमारतींना आधीच्या पिढ्या रानटी म्हणत होत्या, त्यांच्याकडे पुन्हा पाहायला त्यांनी शिकवलं. व्हिक्तॉर ह्यूगोच्या 1831 च्या कादंबरीने पॅरिसच्या लोकांना त्यांचं नोत्र-दाम परत दिलं. 1844 मध्ये त्या कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराची जबाबदारी सोपवली गेली. कलोनचं कॅथेड्रल 1248 मध्ये सुरू होऊन सोळाव्या शतकात अर्धवट पडलं होतं. त्याच्या अपुऱ्या मनोऱ्यावर एक जुनी यारी शतकानुशतकं तशीच उभी होती. 1842 मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि 1880 मध्ये ते पूर्ण झालं. एवढी निष्ठा आपल्याला साधेल का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

पण प्रेमाबरोबर एक हट्टही आला: इमारत 'तिच्या काळाची' दिसली पाहिजे. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने लिहून ठेवलं की जीर्णोद्धार म्हणजे इमारत अशा परिपूर्ण अवस्थेत आणणं, जी कदाचित कोणत्याही एका क्षणी अस्तित्वात नव्हतीच. इंग्लंडमध्ये जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट आणि त्याच्या पिढीच्या वास्तुविशारदांनी मध्ययुगीन चर्च 'शुद्ध' करायला घेतली. नंतरच्या शतकांची बाकं, सज्जे, स्मारकं हटवली. आतल्या भिंतींचा गिलावा खरवडून ओबडधोबड दगड उघडे केले. ते दगड ज्यांनी रचले त्यांनी ते कुणी पाहील असा विचारही केला नव्हता. गिलावा येणार म्हणूनच ते ओबडधोबड ठेवले होते. ट्यूक्सबरीच्या मठात स्कॉटच्या हातून हेच होणार, या भीतीने कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने 1877 मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं टोपणनाव पडलं 'अँटी-स्क्रेप', खरवडविरोधी. जुन्या इमारतीला तिच्या सगळ्या थरांसकट राहू द्या आणि रोजच्या निगेने ऱ्हास थोपवा, हा तिचा आग्रह होता. आमच्या गवंड्याचा चुना मला इथे आठवतो.

मुंबईकरांसाठी यात एक ओळखीचं नाव आहे. हाच स्कॉट मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा शिल्पकार. 1877 मध्ये मॉरिस लंडनमध्ये त्याच्याविरुद्ध उभा राहिला तेव्हा इकडे ओव्हलसमोर कुर्ल्याच्या दगडात त्याचा मनोरा चढत होता. स्कॉट 1878 च्या मार्चमध्ये गेला, मनोरा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पूर्ण झाला. तो त्याने पाहिलाच नाही. राजाबाई टॉवर उघड्या दगडाचा आहे आणि तसाच राहायला हवा, कारण तो तसाच कल्पिला गेला. रोमँटिक इमारतीला रोमँटिक न्याय लावण्यात काही चूक नाही. बरोकला तो लावला की घोटाळा होतो.

नेमका तोच घोटाळा गोव्यात झाला. पोर्तुगालमध्ये 1929 साली राष्ट्रीय इमारती आणि स्मारकांसाठी सरकारी महासंचालनालय स्थापन झालं. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीला आपल्या राष्ट्राची मुळं मध्ययुगातली दाखवायची होती. तेव्हा देशभरच्या जुन्या चर्चांमधून बरोक काळातली सोनेरी लाकडी कोरीव वेदी-कामं निघाली, गिलावे उतरले, खालचा दगड उघडा झाला. तो दगड राष्ट्राचं वय सांगतो, असा त्यांचा विश्वास होता. या खात्यातला अनुभवी वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो 1950 च्या दशकात गोव्यात आला. भारत स्वतंत्र झाला होता, पोर्तुगालला गोव्यावरचा आपला हक्क जगापुढे जुना आणि ठाम दाखवायचा होता, 1952 मध्ये झेवियरच्या मृत्यूची चारशे वर्षं पूर्ण होत होती. बॉम जीझसचा गिलावा गेला तो या काळात. मला त्यात एका राजवटीची शेवटची धडपड दिसते: आपण इथे किती जुने आहोत हे दगडाकडून वदवून घ्यायची. 19 डिसेंबर 1961 ला ती राजवट गेली. तिने खरवडलेली भिंत आपण वारसा म्हणून जशीच्या तशी स्वीकारली. 1986 मध्ये जुन्या गोव्याची चर्च जागतिक वारसा यादीत गेली तीही याच रूपात.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मी टाळणार नाही. लाल बॉम जीझस आता तीन पिढ्यांच्या आठवणीत आहे. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे झेवियरच्या, फेस्ताला येणाऱ्यांच्या घरातल्या तसबिरीत तेच आहे. स्मारकांच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने सांगितलं आहे की प्रत्येक काळाने इमारतीत घातलेली भर जपली पाहिजे. मग 1950 च्या दशकाने केलेलं का जपायचं नाही? माझं उत्तर असं की भर घालणं आणि काढून घेणं या दोन गोष्टी आहेत. कास्त्रोने भर घातली नाही, संरक्षण काढून घेतलं. आणि समजा आपल्याला ते लाल रूपच जपायचं आहे, तर ते जपता येईल का? ते रूप दर पावसाळ्यात भिंतीवरून वाहून जातं आहे. ज्या कोपऱ्यांच्या, कडांच्या, चिऱ्यांच्या नीटसपणावर आपण जीव लावला, तोच आधी जातो.

दुसरा आक्षेप: मूळ गिलावा नेमका कसा होता हे कशावरून? सनदच म्हणते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावं. बरोबर आहे. पण इथे खरवडण्यापूर्वीची छायाचित्रं आहेत, शेजारी त्याच काळातली, त्याच पद्धतीची पांढरी चर्च उभी आहेत. आणि दर्शनी भागावरचे काळ्या दगडाचे कोरीव खांब, पट्ट्या, नक्षी यांना कुणी हात लावू नये. तो दगड बसाल्ट आहे, वसईहून आणलेला. तो उघडा राहण्यासाठीच होता. पांढऱ्या भिंतीवर काळी रेघ, ही त्या दर्शनी भागाची मूळ लिपी. आज लाल भिंतीत ती रेघ हरवली आहे, आणि कोरीव काम वाचताच येत नाही. मला या सगळ्या वादात याचंच दुःख सगळ्यात जास्त आहे.

लोक बिथरतील, ही भीतीही खरी. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग किल्ल्यातलं चौथ्या जेम्सचं ग्रेट हॉल 1999 मध्ये पुन्हा खुलं झालं तेव्हा त्याच्या भिंतींवर सोनेरी-पिवळ्या चुन्याचा थर होता. करड्या दगडाच्या गावात असं पिवळं काही उभं राहिल्यावर लोक चिडले होते. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये शतकांची काजळी काढल्यावर खालून तेराव्या शतकातला फिकट पिवळा लेप आणि त्यावर पांढऱ्या रंगाने रेखलेले खोटे सांधे निघाले. मध्ययुगीन गवंड्यांनीच खऱ्या दगडावर लेप देऊन त्यावर नेटके सांधे रंगवले होते. 2014 मध्ये तिथल्या कामावर कडाडून टीका झाली: अंधार गेला, गूढ गेलं. तो अंधार मेणबत्त्यांच्या काजळीचा होता. टीकाकारांची वेदना मला समजते; अंधारात प्रार्थना केलेल्या माणसाला उजेड परका वाटणारच. तरीही काजळीला बांधणाऱ्यांचा हेतू मानता येत नाही. टॉवर ऑफ लंडनमधल्या 'व्हाइट टॉवर'चं नावच तिसऱ्या हेन्रीने 1240 मध्ये दिलेल्या चुन्याच्या हाताची आठवण आहे.

एका भीतीशी मात्र मी पूर्ण सहमत आहे: गिलाव्याच्या नावाखाली सिमेंट येईल. ते आलं तर आजच्यापेक्षा वाईट. सिमेंटचा थर कडक, भिंतीला श्वास घेऊ देत नाही. आत शिरलेलं पाणी आतच कोंडतं, आणि जांभा पाठीमागून कुजतो. वर तेलकट रंग आला तर संपलंच. आपल्याकडे कित्येक देवळांचं हे झालं आहे. पुढे तोच रंग काढायला वाळूचा मारा करतात आणि दगडाची कड त्याबरोबर जाते. म्हणून शिंपल्यांचा चुना, नीट मुरवलेला, पातळ थरांनी, आणि दर काही वर्षांनी नवा हात, एवढीच मागणी. ज्यांना हे हाताने येतं असे गवंडी अजून आहेत. पण काम न मिळाल्याने ती विद्या त्यांच्या मुलांपर्यंत पोचत नाही. बॉम जीझसचं काम त्यांना मिळालं तर भिंतीबरोबर ती विद्याही वाचेल.

सगळंच पूर्ववत करा असं मी म्हणत नाही. तिथून जवळच टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मनोरा आहे. 1830 च्या दशकात मठ बंद झाले, 1842 मध्ये त्या चर्चची कमान कोसळली, 1931 मध्ये दर्शनी भाग पडला. उरला तो 46 मीटरचा लाल मनोरा, आकाशात एकटा. तो अवशेष आहे आणि अवशेष म्हणूनच सांभाळावा. वसईच्या किल्ल्यातली छप्पर गेलेली चर्चही तशीच. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यानंतर त्यांच्यातल्या घंटा सह्याद्रीतल्या देवळांत गेल्या, भिंतींवर वड-पिंपळ उगवले, आणि त्यांना आता तीच कहाणी शोभते. तिथे फ्रीडरिशचे डोळे घेऊन जावं, तासभर बसावं. पण बॉम जीझस अवशेष नाही. तिथे रोज मिस्सा होते. आत सोन्याची वेदी आहे, चांदीची पेटी आहे, दर दहा वर्षांनी झेवियरच्या शवप्रदर्शन सोहळ्याला लाखो माणसं येतात. जिवंत घराला खंडहराचा वेष घालायचं कारण नाही.

काम सुरू कसं करावं, तर मागच्या बाजूच्या, रस्त्यावरून न दिसणाऱ्या भिंतीचा एक खण घ्यावा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने, चर्चने आणि जाणकार गवंड्यांनी मिळून त्यावर दोन-तीन मिश्रणं लावावीत, शेजारचा खण उघडा ठेवावा, आणि तीन पावसाळे दोन्हींची ओल, झीज, पाण्याचा रंग मोजत राहावं. निकाल लोकांपुढे ठेवावा, दर पावसाळ्यानंतर. मागचा शवप्रदर्शन सोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असा झाला. पुढचा 2034 मध्ये. चुना जितका मुरतो तितका मऊ आणि चिवट होतो, असं आमचा गवंडी सांगायचा. चांगल्या कामाला तो वर्षभर आधी खड्ड्यात विरवून ठेवायचा, वर चार बोटं पाणी. 2034 च्या दर्शनाला येणाऱ्यांना काळ्या रेघांचा पांढरा बॉम जीझस पाहायला मिळायचा असेल, तर पहिला खड्डा या पावसाळ्यानंतरच खणायला हवा.